झाडाचं झाडाला

हिंदुआप्पा साळुंखे म्हातारपणी भांडखोर झाले, असं अख्खं माणपेठ म्हणायला लागलं होतं. आणि माणपेठ काही उगाच बोलत नाही. चार जणांत बसून, चहा पिऊन, खात्री करून मगच नावं ठेवतं.

आठवडी बाजाराच्या मैदानात एक थोरली चिंच होती. तिच्या बुडाशी आप्पांची लोखंडी खुर्ची. तरुणपणी आप्पा झाडं उतरवायचे, छाटायचे, वाळकी फांदी घरावर पडू नये म्हणून जीव धोक्यात घालून काढून द्यायचे. याच चिंचेवरून पडून त्यांचा खुबा मोडला. "झाडाला कशाला बोल लावता? दोर मी बांधला हुता," एवढंच ते म्हणाले. पाय अधू झाला तसे ते चिंचेखाली खुर्ची टाकून करवतींना धार लावून द्यायला लागले. झाडाला पाठ टेकायची, कानस चालवायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याची फिरकी घ्यायची. अख्खा बाजार त्या सावलीत बसायचा, आणि आप्पा सगळ्यांचे आप्पा होते.

गेल्या काही महिन्यांत मात्र माणसाचं काहीतरी बिनसलं. बबन चहावाल्याची गाडी त्यांनी शिव्या घालून रस्त्यापलीकडे हाकलली. बांगडीवाल्या काकूंची पथारी उचलायला लावली. पोरं विटीदांडू घेऊन आली की आप्पा काठी उगारायचे. बबन एकदा चिडून म्हणाला, "सावली काय तुमच्या बापाची हाय का?"

"व्हय, माझ्या बापाचीच! नीघ हितनं!" आप्पा ओरडले, आणि भर बाजारात एकटेच खुर्चीत बसून राहिले.

तक्रारी साहजिकच सारिकाकडे यायच्या. सारिका आप्पांची एकुलती एक लेक. बापानं कोयत्यावर जे काम केलं ते ती आता परवाना काढून, दोर-पट्टे लावून, विजेच्या करवतीनं करायची. कागदोपत्री ती वृक्षचिकित्सक होती, लोकांच्या तोंडी झाडवाली. वाऱ्यावादळांचं प्रमाण वाढल्यापासून प्रत्येक गावाला झाडवाली माणसं हवी होती, आणि सारिकाच्या हाताखाली शिकलेली टोळकी पार सोलापूर-सांगलीपर्यंत पसरली होती. "आप्पा, लोकांना का तोडून बोलता?" असं ती रोज विचारायची. आप्पा भाकरी मोडत राहायचे. म्हातारपण म्हणायचं आणि सोडून द्यायचं, असं तिनं ठरवून टाकलं होतं.

आता थोडं खादाडीबद्दल सांगायला हवं, कारण तिच्याशिवाय ही गोष्ट पुढं जात नाही.

झाड छाटणं सोपं, पण छाटलेल्याचं करायचं काय, ही या धंद्यातली खरी डोकेदुखी. पूर्वी फांद्या चुलीत जायच्या, कुंभाराच्या भट्टीत जायच्या, उरल्यासुरल्या रस्त्याकडेला जळायच्या. चुली गेल्या, जाळण्यावर बंदी आली, आणि प्रत्येक वादळानंतर गावोगावी फांद्यांचे डोंगर साचायला लागले. लाकडाला टणकपणा देणारं लिग्निन नावाचं द्रव्य असतं, ते कुजायला वर्षानुवर्षं लागतात. जंगलात काही बुरशा ते सावकाश खातात. एका प्रयोगशाळेनं अशाच एका बुरशीचे गुणधर्म पालटून तिला कमालीची भूक दिली. भुसा करून हौदात टाका, ही बुरशी सोडा, आठवड्याभरात काळी भुसभुशीत माती हातात! कामगारांनी तिचं नाव खादाडी ठेवलं, आणि सरकारी नाव कुणालाच आठवेनासं झालं.

अशी बुरशी जिवंत झाडाला लागली तर? तिला कुलूप लावलेलं होतं. जिवंत लाकडाला इजा झाली की ते संरक्षणासाठी काही रसायनं सोडतं. त्या रसायनांचा वास लागला की खादाडीची भूक बंद पडेल, अशी तिची घडण होती. मेलेलं खायचं, जित्याला हात लावायचा नाही. शिवाय हौदाबाहेर माती वाळली की खादाडीही मरायची. दुहेरी बंदोबस्त झाला, शिक्कामोर्तब झालं, आणि झाडाचा कचरा हा शब्दच लोक विसरले.

या सगळ्या आनंदात एकटे आप्पा तेवढे रुसले होते. साळुंख्यांच्या टोळीत पिढ्यान् पिढ्या एक रीत होती. फांदी कापली की तिच्याच भुश्यात शेण कालवून जखमेवर लेप द्यायचा, वर ओलं गोणपाट बांधायचं आणि म्हणायचं, "झाडाचं झाडाला." भुसा हौदात जायला लागला तशी रीत बुडाली. शिकवणीत सारिकाला सांगितलं होतं की लेपबिप काही लागत नाही; जखम उघडी ठेवा, झाड आपली आपण ती कडेनं बुजवत आणतं. तिला ते पटलंही होतं. पण बापाचं उतरलेलं तोंड बघवेना. मग एक दिवस तिनं हौदातली ताजी, ओली माती घमेल्यात घेतली, शेणात कालवली आणि आप्पांपुढे धरली.

"हे घ्या. त्याच झाडाच्या फांद्यांची माती. आता तर खरंच झाडाचं झाडाला."

आप्पांनी बोटानं लेप चाचपला आणि त्यांचे डोळे भरून आले. "माझी सारू ती," म्हणाले. पहिला लेप बाजारातल्या चिंचेला लागला, आप्पांच्या डोळ्यांदेखत. पुढे सारिका शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला जखम उघडी ठेवायचा नियम सांगायची, आणि मग हसून म्हणायची, "हे पुस्तकातलं झालं. आमच्यातलं वेगळं आहे, तेही शिकून घ्या." पोरं हौसेनं शिकली. कुणाला नको असते असली गोष्ट?

याला तीन वर्षं झाली.

त्या उन्हाळ्यात डॉक्टर पिरजादे माणपेठेत आले. अर्शद पिरजादे मूळचे मिरजेचे, खादाडी तयार करणाऱ्या प्रयोगशाळेतलेच एक. ती कुठं काय करते यावर नजर ठेवायचं काम त्यांच्याकडे होतं. त्यांनी सारिकाला धर्मशाळेमागच्या चिंचेपाशी बोलावून घेतलं. झाड हिरवंगार, चिंचांनी लगडलेलं. बुंध्याभोवती त्यांनी एक पट्टा आवळला होता आणि पट्ट्यावर लहान लहान खिळे बसवले होते. एका खिळ्यावर हातोडीनं टिचकी मारली की बाकीचे खिळे तो आवाज टिपायचे. भरीव लाकडातून आवाज सरळ आणि झटकन जातो. पोकळी असेल तर वळसा घालून, उशिरानं पोचतो. या वेळांवरून यंत्र खोडाच्या आतलं चित्र काढायचं.

पिरजाद्यांनी पडदा तिच्याकडे वळवला. कडेला हिरवी किनार, आणि मध्ये नुसता काळा गोल.

"पण याला तर नवी पालवी आलीय," सारिका म्हणाली.

"येणारच. सारिकाताई, तुम्हाला माहितीय, थोर झाडात जिवंत असतं ते फक्त सालीलगतचं लाकूड. पाणी तेच वाहतं. मधला गाभा कधीच मेलेला असतो, नुसता खांबासारखा झाडाला उभं धरतो. आम्ही खादाडीला सांगितलं, मेलेलं खा. तिनं आमचं ऐकलं." त्यांनी पडदा बंद केला. "आम्ही चाचण्या घेतल्या त्या रोपवाटिकेतल्या कोवळ्या झाडांवर. कोवळ्या झाडाला गाभाच नसतो. एवढी साधी गोष्ट आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आली नाही."

सारिकानं पट्ट्याच्या वर खोडावर तळवा ठेवला.

"पण ती आत शिरली कशी, हे मला कळत नाहीये," पिरजादे पुढे म्हणाले. "हौदातून हवेवर एवढी येत नाही. उघडी जखम दोन दिवसांत वाळते, तिथं ती टिकत नाही. आत्तापर्यंत सापडलेली सगळी पोकळ झाडं तुम्ही छाटलेली आहेत. तुम्ही इतरांपेक्षा वेगळं काही करता का?"

वर फांदीच्या बेचक्यात गोणपाटाचा एक विटका तुकडा अजून लोंबत होता. सारिकानं त्याच्याकडे पाहिलं. शेणाची ओल, वर ओलं गोणपाट, आत जिवंत माती. खादाडीला याहून चांगला पाळणा कुणी बांधून दिला असता?

"काही नाही," ती म्हणाली. "सगळे करतात तसंच."

ती मुळात खोटं बोलणारी बाई नव्हती. पण तिच्या डोळ्यांपुढे आला तो घमेल्यात बोट बुडवून डोळे पुसणारा बाप. धड चालता येईना, झाडावर चढता येईना, सगळं गेलं तरी एक रीत तेवढी त्याच्या नावावर उरली होती. हिंदुआप्पाच्या लेपानं झाडं मारली, हे त्यानं या वयात ऐकायचं? आपण गुपचूप आपली झाडं तपासून घेऊ, हळूहळू सगळं निस्तरू, असं तिनं मनाला समजावलं. मनाला काय, समजावलं की समजतं.

चौथ्या दिवशी भर दुपारी फोन आला. शेजारच्या तालुक्यातली अस्मिता. ती आणि तिचा जोडीदार रोहिदास सारिकाकडेच शिकून गेले होते. अस्मिताचा आवाज ओळखू येत नव्हता.

"ताई, रोहिदास पडला ओ. दोर फांदीला न्हवता बांधला, खोडालाच बांधलेला, तुम्ही सांगता तसा. खोडच गेलं, ताई. आत काहीच नव्हतं. जीव वाचलाय, पण कमरेखाली काही कळत नाही म्हणतोय."

"कुठलं झाड?" सारिकानं विचारलं.

"दोन वर्षांपूर्वी आम्हीच छाटलेलं ते झाड," अस्मिता रडत सांगत होती. "लेपबी तुमच्यासारखाच दिलेला. हौदातली ताजी माती घेतली, शेण घेतलं, गोणपाट सुकू दिलं नाही. सगळं तुम्ही शिकवलं तसं केलं. मग आमचं चुकलं कुठं, ताई?"

उत्तर सारिकापाशी होतं. "तुमचं काही चुकलं नाही," एवढंच कसंबसं म्हणाली, फोन ठेवला आणि तशीच बाजाराच्या मैदानाकडे निघाली. वाटभर तिला स्वतःची किळस येत होती. त्या चार दिवसांत ती बोलली असती तर रोहिदास त्या झाडावर चढला नसता.

बाजाराचा दिवस नव्हता. मैदान तापलं होतं. आप्पा चिंचेखाली एकटेच बसलेले, मांडीवर करवत, पण कानस हातात नुसतीच.

"आप्पा, बोलायचंय," म्हणत ती सावलीत शिरली.

"थांब. हितं नगं. तिकडं बस, त्या दगडावर."

"उन्हात?"

"बस म्हणतो न्हवं!"

ती मुकाट्यानं उन्हातल्या दगडावर बसली. एकदम म्हणाली, "आप्पा, ही चिंच आतनं पोकळ झालीय."

"ठावं हाय."

"तुम्हाला कसं ठाऊक?" सारिकानं विचारलं.

"इतकी वर्सं हिला पाठ टेकून बसलोय," आप्पा म्हणाले. "आधी रस्त्यानं मालट्रक गेला तरी झाड मुकं असायचं. दिवाळीपास्नं घुमतंय. पाठीत कळतं. एक डाव कुऱ्हाड उलटी धरून तिच्या तुंब्यानं ठोकून बघितलं. घागरीवानी वाजलं."

तेवढ्यात मैदानाकडेनं एक गाडी खडखडत गेली. आप्पांनी डोळे मिटले. गाडी लांब जाईपर्यंत पाठ खोडाला लावून ठेवली.

बबनची गाडी, बांगडीवाल्या काकूंची पथारी, पोरांवर उगारलेली काठी... सारिकाच्या ध्यानात एकेक यायला लागलं.

"म्हणून लोकांना हाकलत होता? आणि तुम्ही? तुम्ही स्वतः का बसता इथं?"

"मी उठलो तर सावली मोकळी सुटंल. उन्हाचं कुणीतरी यीलच की बसायला."

"मग सांगायचं होतं ना, आप्पा! मला तरी!"

"काय सांगू?" म्हातारा म्हणाला. "माझ्या लेपानं झाडं खाल्ली म्हणू? हिची कूज लेप दिलेल्या जखमंपास्नंच सुरू झालीया, तेवढं कळतंय मला. तुझ्याकडनं गावोगावची पोरं शिकून ग्येली. लोक म्हणतील, बापानं खुळी रीत शिकवली आन लेकीनं गावभर लावली. तुझं नाव मातीत जाईल. म्हटलं, मी हाय तवर बसतो राखण करत. पुढचं पुढं."

"लेप तुमचा नाही, आप्पा." सारिका उठून सावलीत गेली, या वेळी त्यांनी अडवलं नाही. ती त्यांच्या पायाशी बसली. "तुमचा लेप भुश्याचा होता. त्यानं कधी झाड मेलं नव्हतं. माती मी घातली. तुम्ही रुसला होता म्हणून घातली. तुम्हाला बरं वाटावं म्हणून. आणि डॉक्टरांनी विचारलं तर खोटं बोलले. आज रोहिदास पडला. उठेल की नाही सांगता येत नाही."

बाप लेकीला जपत होता, लेक बापाला जपत होती, आणि मध्ये एक परक्याचं पोर मोडून पडलं. आप्पांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"जा," म्हणाले. "आदी सांग. मग रड."

पिरजादे तासाभरात आले. सारिकानं सगळं सांगितलं, आपण खोटं बोललो तेही. त्यांनी मान हलवली. "तुम्ही 'काही नाही' म्हणालात तेव्हा वर गोणपाटाकडे बघत होतात. मी तेव्हाच नेटानं विचारायला हवं होतं. पण कारण कळलं की आमची चूकही जाहीर करावी लागणार, म्हणून मलाही वाटलं, थोडा वेळ मिळाला तर बरा." ते खिन्न हसले. मग त्यांनी चिंचेला पट्टा आवळला. पोकळ झाडसुद्धा उभं राहू शकतं, नळी उभी राहते तसं. फक्त भरीव कड पुरेशी जाड हवी. पडद्यावर चिंचेची कड आली ती कलिंगडाच्या सालीएवढी.

"हिला ठेवता येणार नाही, आप्पा," ते हळूच म्हणाले.

"म्या कुटं म्हनलं ठिवा म्हणून," आप्पा म्हणाले.

त्याच संध्याकाळी सारिकानं आपल्या हाताखालून गेलेल्या प्रत्येक टोळीला कळवलं. लेप बंद, हौदाची ताजी माती बंद, जिथं जिथं लेप दिलाय तिथं कुणी चढायचं नाही. चूक कुणाची तेही स्पष्ट सांगितलं, आडपडदा ठेवला नाही. काहींनी तिला तोंडावर शिव्या दिल्या. काही जण पुन्हा कधीच बोलले नाहीत. परवाना चौकशीसाठी अडकला. रोहिदासला भेटायला ती गेली तेव्हा त्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं, आणि ती दाराशीच बसून राहिली. दुसऱ्या दिवशीही गेली. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "ताई, पाणी द्या." तेवढंच.

पुष्कळ झाडं वाचली. शेंड्याचा भार कमी केला, आधार दिले, कड जाड होती ती तगली. बाजारातली चिंच मात्र उतरवायची ठरली. चढायचं नव्हतंच; यारीच्या, म्हणजे क्रेनच्या, पाळण्यात उभं राहून वरून खाली तुकडे करायचे होते. चौकशीवाल्यांनी सारिकाला पिरजाद्यांच्या देखरेखीखाली हे एक काम करायची मुभा दिली. तिनंच मागितली होती.

सगळं गाव दोरीच्या पलीकडे उभं होतं. यारीचा दोर ताणला गेला तेव्हा आप्पा खुर्चीतून उठले आणि काठी टेकत टेकत बाजूला आले. पहिली फांदी खाली आली. टोळीच्या आणखी एका जुन्या रीतीप्रमाणे तिची एक डहाळी झाडाच्या पायाशी ठेवायची. आप्पांनी डहाळी उचलली, हातात फिरवली. ही लाकडं हौदात जाणार नव्हती. हवाबंद लोखंडी भट्टीत तापवून त्यांचा कोळसा करायचा होता. एवढ्या धगीत खादाडी जगत नाही, आणि तो कोळसा मातीत शेकडो वर्षं तसाच राहतो. बाकी काहीच परत झाडाला द्यायचं नव्हतं. आप्पांनी ती डहाळी स्वतःच्या हातानं भट्टीच्या पिंपात टाकली आणि पाठ फिरवली.

वर पाळण्यात सारिका करवत चालवत होती. प्रत्येक तुकडा सुटला की आतली काळी पोकळी उघडी पडायची आणि खाली लोकांतून एक हुंकार उमटायचा. बबन चहावाला तोंडावर हात ठेवून बघत होता. आपली गाडी नेमकी कुठं उभी असायची ते त्याला दिसत होतं.

संध्याकाळच्या आत मैदान मोकळं झालं. चिंचेच्या जागी बुंध्याची एक रिकामी कड उरली, विहिरीच्या कठड्यासारखी. एवढं मोठं आभाळ त्या जागी माणपेठेनं कधी पाहिलं नव्हतं.

दुसरा दिवस बाजाराचा. आप्पा नेहमीच्या वेळी आले आणि खुर्ची नेहमीच्याच जागी टाकली. टेकायला काही नव्हतं, म्हणून ताठ बसले. ऊन डोक्यावर आलं होतं. सारिकानं छत्री आणली तर ती त्यांनी बाजूला सारली.

रस्त्यापलीकडे बबन, बांगडीवाल्या काकू, भाजीवाल्या, पोरं, सगळी उभी. कुणाला पुढं यायचं धाडस होईना. आप्पांनी सगळ्यांकडे एकवार पाहिलं. मग काठी उचलली, पोरांवर उगारायचे तशीच, आणि तिच्यानं समोरची मोकळी, तापलेली जमीन दाखवली.

"बबन्या," त्यांनी हाक मारली. "आण गाडी. या रं समदी. बसा आता."

सावलीचा ठिपकाही नव्हता. तरी सगळी आली आणि आप्पांच्या भोवती उन्हात बसली.